क्रूझवर केबिन कुठे घ्यावी? आधी जागा बघा, मग बाल्कनी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच जणांचं कुटुंब, सात रात्रींची सफर, क्रूझची पहिलीच वेळ. आईला बोट लागते, बाबांचे गुडघे दुखतात, मुलगी सहा वर्षांची. एजंटने बाराव्या डेकवर, जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, दोन बाल्कनी केबिन सुचवल्या आहेत. ‘जितकं वर तितकं चांगलं, आणि पुढून समुद्र छान दिसतो’ असं त्याचं म्हणणं. घ्याव्यात का?

नका घेऊ. निदान आईंसाठी तरी अजिबात नको.

मी नऊ वर्षं जहाजांवर पाहुण्यांच्या मदतकक्षात काम केलं आणि त्यानंतर आजवर लोकांना केबिन निवडून देण्याचंच काम करते आहे. मदतकक्षात सगळ्यात जास्त ऐकलेली विनंती म्हणजे ‘आमची केबिन बदलून द्या’. केबिन लहान आहे म्हणून बदलून मागणारे फार थोडे. बहुतेकांचं दुखणं केबिन चुकीच्या ठिकाणी असण्याचं होतं: फार हलते, वर आवाज होतो, चालून पाय दुखतात. आतली (म्हणजे बिनखिडकीची), खिडकीची, बाल्कनीची, स्वीट, या प्रकारांवर लोक आठवडाभर खल करतात. जागा मात्र एजंट देईल ती घेतात. माझं म्हणणं उलट आहे. आधी जागा ठरवा, मग त्या जागेवर कुठला प्रकार परवडतो ते बघा.

आईंच्या बोट लागण्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या पाच जणांत सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होऊ शकतो.

समुद्रात जहाज दोन मुख्य प्रकारे हलतं. एक म्हणजे डावी-उजवीकडे डोलणं. दुसरं म्हणजे पुढचं टोक वर, मागचं खाली, मग मागचं वर, पुढचं खाली, लहान मुलांच्या सीसॉसारखं. डोलणं कमी करायला मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, स्टॅबिलायझर म्हणतात त्यांना. जहाज वेगात असताना ते डोलणं बऱ्यापैकी आवरतात. पण पुढे-मागे होणाऱ्या त्या सीसॉवर त्यांचा इलाज चालत नाही. ‘आमच्या जहाजाला स्टॅबिलायझर आहेत, काही होत नाही’ असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं समजा.

आता सीसॉचा हिशेब करून बघा. जहाज 300 मीटर लांब धरू आणि ते फक्त 1 अंशाने पुढे-मागे झुकतं आहे असं समजू. 1 अंश म्हणजे डोळ्यांना कळणारही नाही. सीसॉचा टेकू असतो साधारण मध्यावर, खरं तर मध्याच्या किंचित मागे. त्या टेकूपासून 130 मीटर पुढे असलेली केबिन सव्वादोन मीटर वर जाते आणि सव्वादोन मीटर खाली येते. म्हणजे एकूण साडेचार मीटर, जवळजवळ दीड मजला. आणि ते काही सेकंदांत, पुन्हा पुन्हा. त्याच क्षणी टेकूपासून 20 मीटरवरची केबिन फक्त 35 सेंटीमीटर वर-खाली होते. जहाज तेच, समुद्र तोच, भाडंही कदाचित तेच.

हे वर-खाली होणंच पोटात ढवळून काढतं. 1974 साली ओ’हॅनलन आणि मॅकॉली या संशोधकांनी माणसांना बंद खोलीत बसवून ती खोली वेगवेगळ्या गतीने वर-खाली हलवली होती. साधारण 6 सेकंदांना एक हेलकावा, या चालीला सगळ्यात जास्त लोकांना मळमळलं. त्याहून जलद किंवा त्याहून संथ हालचालीत त्रास कमी होत गेला. जहाजाच्या दोन्ही टोकांवर अशी लयबद्ध उचल-आपट सगळ्यात जास्त मिळते. पुढच्या टोकावर त्यात लाट आपटल्याचा धडाका ऐकू येतो तो वेगळाच. कितीतरी लोक त्याने दचकून जागे होऊन मदतकक्षात आलेले मी पाहिले आहेत, ‘काहीतरी धडकलं’ असं सांगत.

डोलण्याचा हिशेबही असाच, फक्त तो उंचीवर अवलंबून. पाण्याच्या पातळीपासून 30 मीटर उंच असलेली केबिन 1 अंशाच्या डोलण्यात अर्धा मीटर बाजूला सरकते. 8 मीटर उंचीवरची वीतभरसुद्धा सरकत नाही. म्हणून बोट लागणाऱ्या माणसाची जागा लांबीच्या मध्यावर आणि उंचीने खालच्या बाजूला. एजंटने सुचवलेली केबिन या दोन्ही बाबतींत नेमकी उलट टोकाला आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. बोट लागते त्याला क्षितिज दिसलं की बरं वाटतं, कारण तोल सांभाळणारा आतला कान सांगतो की आपण हलतोय आणि डोळ्यांनाही तेच दिसतं. चार भिंतींत डोळे म्हणतात सगळं स्थिर आहे, कान म्हणतो नाही, आणि या भांडणात पोट बिघडतं. त्यामुळे आईंसाठी खिडकी हवीच. पण ‘पुढच्या टोकाची बाल्कनी की मधली बिनखिडकीची केबिन’ एवढाच पर्याय उरला, तर मी डोळे मिटून मधली बिनखिडकीची घेईन. क्षितिज बघायला मोकळा डेक आहेच. रात्री आडवं पडल्यावर मात्र पलंग किती उचलला जातो याचाच प्रश्न उरतो. औषधाचं डॉक्टरांना निघण्याआधी विचारून ठेवा. या वयात बाकीच्या गोळ्यांबरोबर काय चालतं ते त्यांनीच सांगायला हवं. आणि बोट लागण्याची बहुतेक औषधं त्रास सुरू होण्याआधी घेतली तरच नीट काम करतात.

आता झोपेचं. माझ्या अनुभवात हलण्यापेक्षाही जास्त तक्रारी आवाजाच्या होत्या, आणि त्या बहुतेक सगळ्या टाळता येण्याजोग्या.

एक प्रसंग सांगते. पहाटे पाच-सव्वापाचची वेळ, माझी रात्रपाळी संपत आलेली. साठीपुढचं एक जोडपं समोर आलं, काकांच्या हातात उशी. तीन रात्री झोप नाही, म्हणाले. ‘वर कुणीतरी रोज सामान हलवतं.’ मी त्यांच्याबरोबर गेले, दिवा न लावता केबिनमध्ये उभी राहिले. आधी काहीच नाही. मग डोक्यावरून काहीतरी जड फरफटत गेलं, थांबलं, पुन्हा फरफटलं. टेबलावरच्या ग्लासातला चमचा किणकिणला. वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव होता. रात्री डेक धुताना आरामखुर्च्या एका बाजूला रचतात आणि उजाडायच्या आत पुन्हा रांगेत लावतात. शेकडो खुर्च्या, रोज. काकूंनी ती केबिन मुद्दाम निवडली होती, ‘तलाव एका जिन्यावर’ म्हणून. जहाज भरलेलं होतं, बदलून द्यायला एकही केबिन नव्हती. उरलेल्या चार रात्री त्यांनी तशाच काढल्या. मला ते जोडपं अजून आठवतं, कारण नकाशावर दोन मिनिटं नजर टाकली असती तर हे टळलं असतं.

तर नकाशा कसा बघायचा ते नीट सांगते, इथे घाई करू नका. प्रत्येक जहाजाचा डेक प्लॅन कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तुमची केबिन ज्या डेकवर आहे तो, त्याच्या वरचा आणि खालचा, असे तीन डेक शेजारी शेजारी उघडा. मोजमाप जुळवायला लिफ्ट आणि जिने वापरा. ते खालपासून वरपर्यंत सरळ एका रेषेत जातात, त्यामुळे ‘दुसऱ्या लिफ्टपासून मागे आठवी केबिन’ असं मोजलं की वर आणि खाली नेमकं काय येतं ते कळतं. वर केबिन, खाली केबिन, दोन्ही बाजूंना केबिन, हे मिळालं तर ती जागा शांत. वर तलाव, बुफे, व्यायामशाळा किंवा धावण्याची पट्टी असेल तर सोडा. खाली नाचाचा क्लब किंवा नाट्यगृह असेल तर ध्वनिक्षेपकांचा दणका रात्री उशिरापर्यंत पलंगातून जाणवतो. नाट्यगृह बऱ्याच जहाजांवर पुढच्या भागात आणि दोन-तीन मजले उंच असतं, म्हणून त्याचं छत कुठल्या डेकवर संपतं तेही बघा. बऱ्याच जहाजांवर तेरावा डेक नसतोच, बारानंतर थेट चौदा. बाराव्या डेकच्या वर काय आहे ते शोधताना लोक इथे गोंधळतात.

नकाशावर काही जागा कोऱ्या, नाव नसलेल्या दिसतील. त्या रिकाम्या नसतात. तिथे कर्मचाऱ्यांची कामं चालतात: भांडारं, नोकरवर्गाच्या लिफ्ट, चादरी-टॉवेलांच्या खोल्या, कधी स्वयंपाकघर. त्यांचे दरवाजे दिवसभर उघडतात-मिटतात आणि ट्रॉल्या पहाटेपासून फिरतात. कोऱ्या जागेला लागून असलेली केबिन मी कुणालाही देत नाही. स्वयंपाकघर तर खरोखर चोवीस तास चालू असतं.

शेजारच्या केबिनशी जोडणारा दरवाजा असलेल्या केबिनही नकाशावर खुणेने दाखवतात. त्या दारातून शेजारचं बोलणं शब्द न् शब्द ऐकू येऊ शकतं. शेजारी तुमचंच कुटुंब असेल तर हेच दार वरदान, परकं कुणी असेल तर डोकेदुखी.

अगदी खालच्या डेकवर टोकांकडे आणखी दोन आवाज असतात. बंदरात शिरताना जहाज आडवं सरकवायला पुढच्या भागात पाण्याखाली पंखे चालवतात, थ्रस्टर म्हणतात त्यांना. मागच्या भागातही कित्येक जहाजांना असतात. जहाज बहुधा भल्या पहाटे बंदराला लागतं, म्हणजे ही घरघर ऐन साखरझोपेत. आणि जिथे धक्का नाही, समुद्रात नांगर टाकून छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर नेतात, तिथे पुढच्या टोकाकडे नांगराची साखळी सुटतानाचा आवाज अख्खी केबिन हादरवतो. मध्यभागी हे जवळजवळ पोचत नाही. मागच्या टोकाला प्रोपेलरची थरथरही असते. हल्लीच्या जहाजांवर ती पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी आहे, तरी हलक्या झोपेच्या माणसाला जाणवते.

मागच्या टोकाच्या बाल्कनीचं कौतुक तुम्ही ऐकाल, आणि ते खोटं नाही. जहाजामागे पांढरा फेसाळ पट्टा दूरवर जाताना दिसतो, वारा कमी असतो, बऱ्याच जहाजांवर त्या बाल्कनी मोठ्याही असतात. मला स्वतःला ती जागा फार आवडते. पण मला बोट लागत नाही आणि गुडघे धड आहेत.

बाबांच्या गुडघ्यांचा विचार आता करू, कारण लोक तो शेवटी करतात आणि मग सात दिवस भोगतात. मोठी जहाजं किती लांब असतात याची कल्पना जमिनीवर येत नाही. ‘आयकॉन ऑफ द सीज’ 365 मीटर लांब आहे. 300 मीटरच्या जहाजावर पुढच्या टोकाला केबिन आणि मागच्या टोकाला मुख्य भोजनगृह असेल, तर जेवायला एकदा जाऊन येणं म्हणजे अर्धा किलोमीटर. तीन वेळचं जेवण धरलं तर दीड किलोमीटर, तेही अरुंद आणि हलत्या बोळातून. बाबांसाठी केबिन लिफ्टपासून जवळ हवी. पण लिफ्टच्या अगदी समोर नको, तिथे रात्री एक वाजेपर्यंत लोकांच्या गप्पा चालतात. लिफ्टच्या मोकळ्या जागेपासून सहा-आठ दारं आत, ही मला सगळ्यात बरी वाटते.

खालच्या किंवा मधल्या डेकचा बाबांना आणखी एक फायदा आहे. बंदरात उतरायचं दार आणि जहाजावरचा दवाखाना सहसा खालच्याच डेकवर असतात. बंदराच्या दिवशी सकाळी आणि रात्री कार्यक्रम सुटल्यावर लिफ्टपुढे रांग लागते. तेव्हा दोन मजले हळूहळू उतरणं जमतं, आठ मजले नाही. शिवाय साध्या केबिनच्या बाथरूमला उंबरा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री अर्धवट झोपेत, जहाज हलत असताना, दुखऱ्या गुडघ्याने तो ओलांडणं सोपं नाही. बाबा काठी किंवा चाकाची खुर्ची वापरत असतील तर अपंगांसाठीच्या केबिनची चौकशी करा. तिथे उंबरा नसतो, दारं रुंद असतात आणि पकडायला दांडे असतात. अशा केबिन मोजक्याच असतात आणि गरज असलेल्यांसाठीच राखलेल्या असतात, म्हणून गरज खरी असेल तरच मागा, आणि लवकर मागा.

डावी बाजू की उजवी, यावर तुम्ही फार वेळ घालवू नका. सफर जिथून निघते तिथेच परतणार असेल तर जाताना जी बाजू किनाऱ्याकडे, येताना ती समुद्राकडे. अलास्कातल्या ग्लेशियर बेसारख्या ठिकाणी जहाज हिमनदीसमोर थांबून सावकाश वळतं, दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं. एका दिशेच्या सफरीत मात्र बाजू महत्त्वाची. नॉर्वेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जाताना जमीन उजव्या हाताला असते, दक्षिणेकडे येताना डाव्या. केबिनच्या क्रमांकावरून बाजू ओळखायची सवय लावू नका. सम-विषमची पद्धत कंपनीगणिक बदलते, नकाशावरच बघा.

बाल्कनीबद्दल. सगळ्या बाल्कनी सारख्या नसतात. खालच्या डेकवरच्या काही बाल्कनी जहाजाच्या पोलादी अंगातच कोरल्यासारख्या असतात. समोर काचेऐवजी पोलादी कठडा, त्यामुळे बसल्यावर समुद्र कमी दिसतो, पण वारा लागत नाही आणि सहा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने मला त्याच जास्त निर्धास्त वाटतात. वरच्या डेकवर काही ठिकाणी बाल्कनी पायऱ्यांसारख्या पुढे आलेल्या असतात आणि वरच्या मजल्यावरून थेट आत दिसतं. पुढच्या टोकाच्या, समोर तोंड असलेल्या केबिनना रात्री पडदे बंदच ठेवावे लागतात. तिथला उजेड चालककक्षातल्या माणसांच्या नजरेला त्रास देतो. शिवाय जहाज वेगात असताना त्या बाल्कनीत वाऱ्याने उभं राहवत नाही. ‘पुढून समुद्र छान दिसतो’ म्हणणाऱ्याने हे सांगायला हवं होतं. जीवरक्षक होड्यांच्या मागच्या केबिनचं भाडं कमी असतं कारण खिडकीबाहेर होडीच दिसते. पण अशा काही केबिनमधून होडीच्या वरून किंवा फटीतून बराच समुद्र दिसतो, आणि त्या बहुधा मध्यावर, फार उंच नसलेल्या डेकवर असतात. आईंना बाल्कनीचा सोस नसेल तर या केबिनचे फोटो जरूर शोधा.

तुमच्यासाठी मी काय निवडेन ते सांगते. आई-बाबांना मध्यावर, मध्यापासून झालंच तर थोडं मागे, जमेल तितक्या खालच्या केबिन-डेकवर खिडकीची किंवा पोलादी कठड्याची बाल्कनी असलेली केबिन, लिफ्टपासून सहा-आठ दारं आत. तुम्हा तिघांना त्याच बोळात समोरासमोर आतली केबिन, तिसरा पलंग असलेली. तुमचं बसणं-उठणं आई-बाबांच्या खिडकीपाशी होईल, झोपायला अंधारी शांत केबिन मिळेल आणि मुलगी दोन दारांमध्ये पळत राहील. आतल्या केबिनमध्ये सकाळ झाल्याचं कळत नाही हा एक त्रास. त्यावर युक्ती अशी की बऱ्याच जहाजांच्या टीव्हीवर समोरच्या कॅमेऱ्याचं चित्र असतं. आवाज बंद करून तेच चालू ठेवून झोपा, उजाडलं की खोलीतही उजाडतं.

आरक्षण लवकर करा. मधल्या केबिन आधी जातात आणि तीन-चार पलंगांच्या त्याहून आधी. प्रत्येक भागातल्या माणसांची संख्या तिथल्या जीवरक्षक होड्यांच्या आसनांशी बांधलेली असते. त्यामुळे केबिनमध्ये तिसरा पलंग असूनही ‘आता इथे दोघंच’ असं उत्तर मिळू शकतं. हवी ती जागा आज नसेल तर जी मधली मिळेल ती घ्या आणि शेवटचा हप्ता भरायच्या तारखेच्या आसपास पुन्हा चौकशी करा. त्या सुमारास लोक रद्द करतात आणि चांगल्या केबिन सुटतात.

‘गॅरंटी’ नावाचा स्वस्त पर्याय दाखवला जाईल. त्यात प्रकाराची हमी असते, जागेची नाही. केबिन कंपनी ठरवते आणि नंतर बदलून मिळत नाही. एकट्या-दुकट्या तरुण माणसाला मी तो खुशाल घ्यायला सांगते. तुम्हाला नाही, कारण दोन केबिन जहाजाच्या दोन टोकांना आल्या तर आई-बाबांपर्यंत पोचायलाच पाच मिनिटं लागतील.

आणि केबिन पक्की झाली की एजंटला लेखी कळवा: आमच्या आरक्षणावर ‘अपग्रेड नको’ अशी नोंद करा. नाहीतर जहाज भरताना कंपनी मोठ्या मनाने तुम्हाला ‘वरच्या दर्जाची’ केबिन देऊ शकते, आणि ती बाराव्या डेकवर, पुढच्या टोकाला असू शकते. नोंद केल्याचं उत्तर एजंटकडून मागून घ्या आणि निघण्याच्या आठवड्यात केबिनचे क्रमांक तेच आहेत ना, हे एकदा पडताळा.